गाडीच्या डिस्कवरचा गंज: कोणता आपोआप जातो आणि कोणता आत शिरतो

जुलैत रविवारी गाडी धुतली आणि सोमवारी सकाळी अलॉय व्हीलच्या फटीतून पाहिलं, तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, नारिंगी झालेली. गाडी काढताना पहिल्यांदा ब्रेक दाबला की 'खर्रर्र' असा आवाज येतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो कमी होतो, आणि सोसायटीच्या गेटपासून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत गायब. यात बिघाड काही नाही. एका रात्रीचा हा गंज बघून कोणी 'डिस्क बदलायला झाल्या' म्हणत असेल, तर त्याचं ऐकून खिसा रिकामा करू नका.

तीच गाडी पावसाळ्यात दोन-तीन महिने जागची हलली नाही, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हाही डिस्कचा रंग साधारण तसाच दिसतो, म्हणून रंगावरून निदान करण्यात अर्थ नाही. बघायचं ते गंज किती खोल गेला आहे आणि नेमका कुठे बसला आहे. समोर दिसणाऱ्या लालसर थरापेक्षा पॅडखाली (ब्रेक लावल्यावर डिस्कवर घासतो तो ठोकळा), डिस्कच्या आतल्या बाजूला आणि कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर चढलेला गंज जास्त त्रास देतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

डिस्क बिडाची असते म्हणून

कारची डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. त्यात साधारण 3 ते 3.5 टक्के कार्बन असतो आणि त्यातला बहुतेक ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे ब्रेक लावल्यावर तयार होणारी उष्णता चटकन पसरवतात आणि कंपनं जिरवतात, त्यामुळे ब्रेक किंचाळत नाहीत. बीड स्वस्त आहे, लेथवर छान कापलं जातं. गंज मात्र लगेच धरतं.

बाईकची डिस्क पावसात भिजूनही चकचकीत राहते, मग कारचीच का गंजते, असं अनेकजण विचारतात. बाईकची डिस्क बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. हलक्या वाहनाला ते पुरतं. स्टेनलेस स्टील बिडाच्या मानाने उष्णता बरंच कमी वाहून नेतं, आणि टन-दीड टनाची गाडी घाट उतरताना डिस्कमध्ये जी उष्णता साठते ती झपाट्याने पसरली नाही तर ब्रेक तापून ढिले पडतात. म्हणून कार बनवणारे गंज पत्करतात आणि बीडच वापरतात.

बिडाचा तवा घासून ओला ठेवला की सकाळी तांबडा होतो, म्हणून आपण त्याला तेलाचा हात देतो. डिस्कला नेमकं तेच करता येत नाही. पॅड जिथे घासतो तो पट्टा कोरडा आणि उघडाच राहायला हवा. चांगल्या कंपनीच्या नव्या डिस्कवर करडा, जस्तयुक्त लेप असतो. तो डिस्कचा मधला उंचवटा, म्हणजे टोपी, आणि कडा वाचवतो. घासणाऱ्या पट्ट्यावरचा लेप मात्र सुरुवातीच्या काही ब्रेकांतच निघून जातो.

गंजायला पाण्याचे थेंब पडायलाच हवेत असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजायचा वेग वाढतो. हवेत मिठाचे कण असतील तर तो थर त्याहून कोरड्या हवेतही टिकून राहतो. म्हणून मालवणला समुद्राजवळ किंवा मुंबईत खाडीच्या कडेला उभी असलेली गाडी जुलैत एका रात्रीत रंग बदलते. तीच गाडी एप्रिलमध्ये सोलापुरात शेडखाली ठेवली तर महिनाभरात जेमतेम पिवळसर होते. शिकागो-टोरंटोकडच्या मंडळींना हाच प्रकार हिवाळ्यात दिसतो, कारण तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावरच मीठ टाकतात.

ढोबळ अंदाज असा: पहिल्या काही दिवसांत गंज पावडरीसारखा असतो, बोट फिरवलं तर बोटाला लागतो. दमट हवेत तीन-चार आठवडे गेले की तो खरखरीत, दाणेदार होतो. दोन-तीन महिन्यांनी पापुद्रे धरतात, आणि त्यानंतर खाली लोखंडात खड्डे पडू लागतात. पहिल्या दोन अवस्थांतला गंज पॅडच घासून काढतात. पापुद्र्यांचं तसं खात्रीने सांगता येत नाही, आणि खड्डे पॅडने भरून येत नाहीत.

पॅडच्या खाली काय चालतं

बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये पॅडला मागे ओढणारी दमदार स्प्रिंग नसते. पॅडला डिस्कवर ढकलणाऱ्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. पेडल दाबलं की ते किंचित पिळतं, सोडलं की सरळ होतं आणि तेवढ्याने पिस्टन जरासा मागे येतो. हे अंतर मिलिमीटरचा एखादा दशांश असेल नसेल. म्हणजे उभ्या गाडीत पॅड डिस्कला जवळजवळ चिकटलेलाच असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो. बाकीची डिस्क वाऱ्याने सुकते, पॅडखालचा तुकडा ओलाच राहतो. पॅडच्या मसाल्यात पोलादाचे तंतू असतील तर तेही गंजतात, आणि डिस्कचा व पॅडचा गंज एकमेकांत गुंततो. बरेच दिवसांनी गाडी हलवताना चाकाकडून 'टक्' असा आवाज येतो तो हा जोड तुटल्याचा.

चाक काढून पाहिलं तर डिस्कवर पॅडचा हुबेहूब ठसा दिसतो: कमानीसारखा, कडा काळपट, आणि पॅडच्या मधोमध जी खाच असते तिचीही उभी रेघ उमटलेली. ठसा नुसता रंगाचा असेल तर शंभरेक किलोमीटरमध्ये पुसट होतो. खोल असेल तर त्या जागी पॅडची पकड वेगळी होते, आणि पुढे पुढे डिस्कची जाडीही तिथे वेगळी होते. जाडीत 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकसुद्धा पायाला जाणवू शकतो. ताशी 60 किलोमीटरला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सुमारे 9 वेळा फिरतं. प्रत्येक फेरीला तो ठसा पॅडखालून जातो आणि पेडल थरथरतं, पुढच्या चाकात असेल तर स्टिअरिंगही. गॅरेजमध्ये याला सरसकट 'डिस्क वाकली' म्हणतात. प्रत्यक्षात डिस्क क्वचितच वाकते. बहुतेकदा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

हलका गंज कसा काढायचा

पावडरीसारखा किंवा दाणेदार गंज असेल तर गाडी चालवून ब्रेक लावणं हाच उपाय. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. इंजिन चालू करून उभ्या गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबा. पेडल टणक लागलं पाहिजे आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाता कामा नये. मग आवारातच 10-15 च्या वेगाने ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का ते पाहा.

ते ठीक असेल तर मोकळा, सरळ, कोरडा रस्ता शोधा. आरशात मागे कोणी नाही हे पाहून गाडी 50-60 पर्यंत न्या आणि मध्यम ते जोरकस ब्रेक लावत 20 पर्यंत आणा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कुरकुरेल इतकं दाबायचं नाही. पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग घ्या, अर्धा-पाऊण मिनिट तशीच चालवून डिस्कला वारा लागू द्या आणि पुन्हा तेच करा. असं 8 ते 10 वेळा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून आवाज कमी व्हायला हवा. दाणेदार गंजाला आणखी एक फेरी लागेल. शेवटी एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता चाला. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर नवीन ठसा तुम्हीच उमटवाल.

पाय नुसता पेडलवर ठेवून लांबवर घासत नेणारे असतात. त्याने गंज नीट निघत नाही, पॅड मात्र तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. ब्रेक कमी वेळ पण दमदार लावावा. आणि महिना-दोन महिने उभी असलेली गाडी काढून थेट आंबा घाट उतरायला निघू नका. हे सगळं आधी सपाटीवर उरकून घ्या.

चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीत मागच्या डिस्क उशिरा साफ होतात, कारण ब्रेक लावताना वजन पुढे जातं आणि बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. पुढची चकचकीत आणि मागची अजून तांबूस, हे एक-दोन दिवस दिसलं तर काळजीचं नाही.

स्प्रे, तेल, ग्रीस यांतलं काहीही डिस्कवर मारू नका. डब्ल्यूडी-40 गंजलेल्या नटासाठी उत्तम, पण डिस्कवर मारला की पॅड तो शोषून घेतो, आणि तेल प्यायलेला पॅड फेकावाच लागतो. व्हिनेगर, लिंबू, गंज काढायचं ॲसिड यांचीही गरज नाही. धुतल्यावर परत ओलावा राहतो आणि गंज दुप्पट जोमाने येतो. चाक काढलेलंच असेल तर 120 ते 150 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-गोल हात फिरवून डिस्क घासता येते, तोच पेपर पॅडच्या पृष्ठभागावरूनही फिरवावा, आणि नंतर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी. हाताने खड्डे मात्र काढायला जाऊ नये. एका जागी जास्त घासलं की जाडीचा तोच फरक तयार होतो. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

खोल गंज ओळखायचा कसा

वीसेक दमदार ब्रेकांनंतरही आवाज किंवा थरथर राहिली तर चाक काढून बघायला हवं. चाकाचे नट जॅक लावण्याआधी अर्धा फेरा सैल करा, आणि फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालू नका.

आधी घासलेला चकचकीत पट्टा बघा. तो पॅडच्या उंचीएवढा रुंद हवा. बाहेरच्या कडेकडून गंज आत सरकत आला आणि चकचकीत पट्टा अरुंद झाला, तर पॅडचा तेवढा भाग कामच करत नाही. पट्ट्यावरून नख आडवं फिरवा. नुसतं खरखरीत लागलं तर ठीक, खड्ड्यात किंवा खोबणीत नख अडकलं तर डिस्कचं काम आहे. मग बॅटरी घेऊन आतली बाजू बघा. ती धुळीच्या पत्र्याआड असते, तिथे वारा कमी आणि चिखल जास्त. बाहेरची बाजू आरशासारखी आणि आतली पापुद्रे धरलेली, असं असेल तर दोष बहुधा कॅलिपरमध्ये आहे. पुढच्या डिस्कच्या दोन थाळ्यांमधल्या हवेच्या फटीही तपासा. गंजाच्या खपल्यांनी त्या बुजल्या की डिस्क तापते.

डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती बहुतेकदा नव्या डिस्कपेक्षा सुमारे 2 मिलिमीटर कमी असते. जाडी मोजताना एक चूक हमखास होते: जुन्या डिस्कच्या कडेला न झिजलेला ओठ राहतो, व्हर्नियरचे जबडे त्यावर टेकतात आणि आकडा जास्त येतो. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. पॅडचा मसाला नव्याला 10-12 मिलिमीटर असतो. 3 वर आला की बदलायचा.

चाकच जाम झालं तर

हे प्रकरण बहुधा मागच्या चाकांचं आणि हँडब्रेकचं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक, असतात. ओल्या ड्रमवर लायनर (ड्रमला आतून घासणारा पट्टा) हँडब्रेकने दाबून ठेवला की दोन-तीन आठवड्यांत तो धरून बसतो. हँडब्रेक खाली केला तरी चाक सुटत नाही. पहिला गिअर, मग रिव्हर्स, असं हलकेच आलटून-पालटून पुढे-मागे झुलवा. बहुतेकदा मोठा 'टक्' होऊन चाक सुटतं. क्लच जळेपर्यंत रेस करू नका. चार-पाच प्रयत्नांत नाही सुटलं तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून, गाडी स्टँडवर घेऊन, मागचं चाक काढा आणि ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने कडेकडेने ठोका. ड्रमही बिडाचाच असतो, थेट हातोडी मारली तर तडकतो. लायनर ज्यावर चिकटवलेला असतो त्या शूवरून निघून आलेला असू शकतो, म्हणून नंतर ड्रम उघडून बघणं आलंच.

पुढचा कॅलिपर धरला असेल तर गाडी चालते, पण एका बाजूला ओढते आणि ॲव्हरेज पडतं. पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम असेल, जळका वास असेल, तर तोच कॅलिपर. त्याच्या दोन सरकत्या पिना रबरी टोप्यांत असतात. टोपी फाटली की आत पाणी जाऊन पिन गंजते. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, टोप्या बदलायच्या. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगून पुन्हा तीच गत होते. पिस्टनच गंजला असेल तर सील किट किंवा नवा कॅलिपर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि तेच पाणी पिस्टनला आतून गंजवतं, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावं.

खड्डे पडलेली डिस्क लेथवर टर्निंग करून घेता येते, पण छोट्या गाडीत हा सौदा फारसा परवडत नाही. मुळात 2 मिलिमीटरची मुभा, त्यातली काही आधीच झिजलेली, उरलेली खड्डे काढण्यात जाते. कापल्यावर डिस्क किमान जाडीच्या काठावर येणार असेल तर नवी घ्या, एका ॲक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही, पॅडसकट. जुनी डिस्क हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) चिकटली असेल तर अनेक जपानी बनावटीच्या डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आलटून-पालटून आवळले की ती सुटून येते. नवी बसवण्याआधी हबचा तोंडाकडचा भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क तिरकी बसते, आणि नव्या डिस्कलाही थरथर येते. लेप नसलेल्या नव्या डिस्कवर गंज न येण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण धुवा. नट समोरासमोरचे आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हा गंज जास्त भेटतो. मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरते (यालाच रीजन म्हणतात), खरा ब्रेक फारसा लागतच नाही, आणि डिस्क घासली न गेल्याने गंज साठतो. आठवड्यातून एकदा रीजन सगळ्यात कमी ठेवून काही दमदार ब्रेक लावावेत. याच कारणाने फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 ला मागे चक्क ड्रम दिले: ड्रम बंद असतो, त्यामुळे आतून डिस्कपेक्षा कमी भिजतो. दुसरी वाट लेपाची. पोर्शने 2017 च्या केयेनपासून टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेल्या डिस्क आणल्या, त्या गंजत नाहीत आणि धूळही कमी करतात. किमतीमुळे आपल्या हॅचबॅकपर्यंत यायला त्यांना वेळ लागेल.

गाडी महिनाभर ठेवून जाणार असाल तर

जायच्या दिवशी गाडी धुऊन लगेच लावू नका. धुतली तर पाच-दहा किलोमीटर फिरवा, ब्रेक लावून डिस्क तापवा आणि कोरडी झालेली गाडी उभी करा. जागा सपाट असेल तर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर 'पी' मध्ये ठेवून चाकाच्या पुढे-मागे विटा लावा. उतार असेल तर हँडब्रेक हवाच, तिथे गंज परवडला. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप लागतो, तो कसा सोडायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. गाडीखाली गवत किंवा ओली माती नसावी. प्लास्टिकच्या ताडपत्रीपेक्षा हवा खेळणारं कव्हर बरं, नाहीतर खालची वाफ आतच कोंडते.

'आठवड्यातून एकदा गाडी स्टार्ट करून ठेव' असं शेजाऱ्याला किंवा वॉचमनला सांगून जायची पद्धत आहे. त्याने ब्रेकला काडीचा फायदा नाही, चाक फिरतच नाही ना. चालवता येणारं विश्वासाचं कोणी असेल तर दर दहा-पंधरा दिवसांनी पाच-सहा किलोमीटर चालवून चार-पाच दमदार ब्रेक लावायला सांगा. आणि गाडी परत लावल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, हे त्याला आवर्जून बजावा. सवयीने हात तिकडेच जातो.